बोअर सहाशे फुटांवर आणि डाग मुलांच्या दातांवर



यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत शाळेतल्या मुलांना रांगेत उभे करून हसायला सांगितले, तर बरीच मुले ओठ मिटूनच हसतात. मुली तोंडावर हात धरतात. कारण समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे असतात, पिवळट-तपकिरी डाग असतात, काहींच्या दातांवर बारीक खड्डे पडलेले असतात. गुरुजी म्हणतात, नीट दात घासत जा. आई राखुंडीने, मिठाने खसाखसा घासून देते. डाग जात नाहीत. ते जाणारही नाहीत, कारण तो मळ नव्हे. दात हिरडीच्या आत तयार होत होता तेव्हाच तो डाग त्याच्यात बसलेला आहे.

या विकाराला दातांचा फ्लोरोसिस म्हणतात. कायमचे दात येतात साधारण सहाव्या वर्षापासून, पण त्यांचे वरचे कठीण आवरण त्याच्या कितीतरी आधीपासून, मूल रांगत असल्यापासून, आत तयार होत असते. पुढच्या दातांच्या बाबतीत आठव्या वर्षापर्यंत हे काम जवळजवळ संपते. या सात-आठ वर्षांत मुलाच्या पोटात पाण्यावाटे फ्लोराइड जास्त गेले, तर ते आवरण कच्चे राहते. नंतर कितीही चांगले पाणी पाजले तरी तो दात पुन्हा घडत नाही. आज दहावीत असलेल्या मुलीच्या दातांवर जे दिसते, ती तिच्या वस्तीच्या हापशाला दहा-बारा वर्षांपूर्वी कोणते पाणी येत होते त्याची नोंद आहे.

हे फ्लोराइड कारखान्यातून आलेले नसते. ते खडकात असते. पाणी जितकी जास्त वर्षे खडकाच्या फटीत साचून राहते, तितके त्यातले क्षार पाण्यात विरघळत जातात. वरच्या थरातले पाणी तरुण असते. मागच्या दोन-तीन पावसाळ्यांचे. खोलवरचे पाणी जुने असते. म्हणून अशा भागांत एकाच शिवारातील पन्नास फूट विहिरीचे पाणी चांगले आणि चारशे फूट बोअरचे पाणी वाईट, असे पुष्कळदा आढळते.

आरोग्याच्या पानावर बोअरची खोली कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर यातच आहे.

शाश्वत विकास हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, पुढाऱ्यांच्या भाषणात. ऐकणाऱ्याला वाटते, ही झाडे लावण्याची आणि प्लास्टिक न वापरण्याची गोष्ट असावी. माझ्या मते कोरडवाहू महाराष्ट्रात या शब्दाचा पहिला अर्थ साधा हिशेबाचा आहे. यंदाच्या पावसातले किती पाणी जमिनीत मुरले आणि आपण त्यातून किती उपसले. दरवर्षी मुरते ते व्याज. खोल थरात शतकानुशतके साठलेले ते मुद्दल. व्याजावर घर चालले तर नातवंडांनाही मिळते. आपण मुद्दलाला हात घातला आहे. बँकेतले मुद्दल संपले तर निदान शून्य तरी उरते. जमिनीतले मुद्दल खरवडताना त्याच्याबरोबर विष वर येते, आणि ते पहिल्यांदा पाळण्यातल्या लेकराच्या पोटात जाते.

आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक पाणी फार धरत नाही. वरचा मुरूम, झिजलेला थर आणि भेगा यांतच काय ते पाणी राहते. कठीण काळ्या खडकात पडलेल्या पावसाच्या दहा हंड्यांपैकी एखादाच हंडा खाली उतरतो, कधी तोही नाही. बाकीचे वाहून जाते किंवा वाफ होऊन जाते. आणि उपसा? जगात जमिनीखालून जितके पाणी काढले जाते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकटा भारत काढतो. अमेरिका आणि चीन मिळूनही तितके काढत नाहीत. ग्रामीण भागातल्या पिण्याच्या पाण्याची बहुतांश भिस्त या भूजलावरच आहे. पण उपसा होतो तो पिण्यासाठी नव्हे. त्यातला मोठा वाटा शेतीचा, आणि आपल्याकडे शेतीतही उसाचा. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी अगदी थोडी, सुमारे ४ टक्के जमीन उसाखाली, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक त्याच्या वाट्याला, हे चित्र वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याच्या घरात मात्र उन्हाळ्यात पाण्याचा टँकर.

आता हापशाकडे येऊ. हापशाचा इतिहास आपल्या वस्त्यांचा इतिहास आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. कायद्याने ते तळे आधीच खुले झाले होते. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेने त्याला मान्यताही दिली होती. कागदावर पाणी होते, ओंजळीत नव्हते. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकालात निघायला १९३७ साल उजाडले. तरीही त्यानंतर कित्येक दशके गावोगावी आपल्या आया-आज्या गावच्या विहिरीपासून हातभर लांब, कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून घागर घेऊन उन्हात बसत होत्या. ज्यांनी ते पाहिले आहे अशी माणसे आजही वस्तीत आहेत. त्यांना विचारा.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. खडक फोडणारी बोअरची यंत्रे गावात पोहोचू लागली. जालना आणि सोलापूर इथे हातपंपात ज्या सुधारणा झाल्या होत्या, त्यांच्यावरूनच पुढे इंडिया मार्क दोन हा मजबूत हापसा तयार झाला आणि देशभर गेला. दलित वस्तीत सरकारी हापसा बसला, त्या दिवशी नुसते पाणी आले नाही. कुणाची वाट पाहणे संपले. वस्तीतल्या बाईने स्वतःच्या हाताने दांडा दाबला आणि हंडा भरला. आणखी एक गोष्ट. बोअरचे पाणी वरून झाकलेले असल्याने हगवण, कावीळ, पटकी यांचे प्रमाणही उघड्या आडाच्या पाण्यापेक्षा कमी झाले. म्हणून हापशाविरुद्ध बोलताना जीभ जड होते.

पण ज्या पाण्याने वस्तीची मान वर केली, काही भागांत त्याच पाण्याने नंतर माणसांची मान आखडली. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. हाडांच्या फ्लोरोसिसमध्ये खरोखर मान वळत नाही.

दातांचा फ्लोरोसिस मुलांना होतो, हाडांचा मोठेपणी दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्यापुढे दातांचे डाग वाढतात. ३ ते ६ मिलिग्रॅमचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडांत आणि सांध्यांत फ्लोराइड साठते. १० च्या पुढे माणूस वाकून, जखडून जाऊ शकतो.

या आकड्यांत एक गोम आहे आणि ती कष्टकऱ्यांनी ध्यानात घ्यावी. आकडा लिटरचा आहे, शरीरात जाते ते दिवसाचे. पंख्याखाली बसणारा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. समजा पाण्यात फ्लोराइड २ मिलिग्रॅम आहे, तर त्याच्या पोटात ४ मिलिग्रॅम गेले. एप्रिलच्या उन्हात वीटभट्टीवर, रोजगार हमीच्या कामावर, कापसाच्या रानात राबणारा माणूस सहा लिटर पितो. त्याच पाण्यातून त्याच्या पोटात १२ मिलिग्रॅम गेले. एकाच विहिरीचे पाणी पिऊन मालकाला काही होत नाही आणि मजुराचे गुडघे जातात, याचे कारण दैवात शोधू नये. त्यात मजुराच्या ताटात दूध-दही कमी असेल तर नुकसान आणखी वाढते, कारण आहारात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, पुरेसे असेल तर पोटात गेलेले बरेचसे फ्लोराइड आतड्यातच अडकते आणि शौचावाटे निघून जाते. ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्यांच्या अंगात ते अधिक साठून राहते.

हाडांचा त्रास हळूहळू सुरू होतो. सकाळी उठताना कंबर धरते. मान, पाठ, गुडघे, खांदे दुखतात. चाळिशीच्या बाईला हे सुरू झाले की घरातले म्हणतात, वय झाले, वात आहे. गावातला डॉक्टर दुखण्याचे इंजेक्शन देतो, दोन दिवस बरे वाटते. पुन्हा इंजेक्शन. अशी वर्षे जातात आणि वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण पडतो तो वेगळाच. संधिवात खरोखर असू शकतो, नाही असे नाही. पण एकाच वस्तीत, एकाच हापशावर पाणी भरणाऱ्या पाच-सात घरांतील माणसांचे सांधे लवकर धरत असतील आणि त्याच घरांतल्या मुलांच्या दातांवर डाग असतील, तर संशय पाण्यावर घ्यावा.

फ्लोरोसिससाठी केंद्र सरकारचा एक राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे. त्यात वापरल्या जाणाऱ्या तीन साध्या चाचण्या घरीही करून पाहता येतात. पहिली, गुडघे न वाकवता खाली वाकून पायाचे अंगठे धरणे. दुसरी, मान खाली घालून हनुवटी छातीला टेकवणे. तिसरी, दोन्ही हात वर नेऊन डोक्याच्या मागे पंजे एकमेकांत गुंफणे. यातले काही जमत नसेल किंवा करताना दुखत असेल तर एवढ्यावरून फ्लोरोसिसच आहे असे ठरत नाही, पण सरकारी रुग्णालयात जाऊन स्पष्ट शब्दांत सांगावे की आमच्या पाण्यात फ्लोराइडचा संशय आहे. मग लघवीतील फ्लोराइडची तपासणी आणि हाताच्या कोपराखालच्या भागाचा एक्स-रे, यांवरून डॉक्टरांना अंदाज येतो. हाडात बसलेले फ्लोराइड काढून टाकणारी गोळी अजून निघालेली नाही. पाणी बदलणे हाच उपचार आहे. पाणी आणि आहार वेळेवर बदलला तर सुरुवातीच्या दुखण्यात फरक पडतो.

पाणी बदलायचे म्हणजे काय करायचे? इथे गैरसमज फार आहेत.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि तेवढेच फ्लोराइड कमी पाण्यात राहते. फडक्याने गाळून जात नाही. जंतुनाशक औषध टाकून जात नाही. मेणबत्तीच्या फिल्टरनेही जात नाही. तुरटी आणि चुना विशिष्ट प्रमाणात मिसळून, ढवळून, गाळ बसू देऊन फ्लोराइड कमी करण्याची एक पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली आहे. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण तुरटी किती घालायची हे पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारांवर ठरते. अंदाजाने टाकली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते. घरच्या माठात हे प्रयोग करू नयेत.

आरओ यंत्राने फ्लोराइड कमी होते, हे खरे. म्हणून चौकाचौकात पाच-दहा रुपयांना कॅन भरून देणारी यंत्रे आली आणि जारचा धंदाही वाढला. पण थंडगार जारमध्ये आरओचेच पाणी आहे याची खात्री कोण देणार? दुसरे, एक लिटर चांगले पाणी काढताना साध्या आरओ यंत्रातून दोन-तीन लिटर खारे पाणी बाहेर टाकले जाते. म्हणजे भूजल कमी पडले म्हणून खोल गेलो, खोलचे पाणी खराब निघाले म्हणून यंत्र लावले, यंत्राने आणखी पाणी वाया घालवले, म्हणून आणखी खोल. आजच्या लहान मुलाला शुद्ध पाणी पाजावेच लागेल, त्यासाठी यंत्र लागले तर लावावे. मात्र ज्या ग्रामपंचायतीने यंत्र बसवून विषय संपला असे मानले, तिने प्रश्न पुढच्या पिढीच्या नावावर चढवला आहे.

एक उपाय आपल्या डोक्यावरच असतो, तो म्हणजे छपराचे पाणी. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. हिशेब करून पाहू. दोनशे चौरस फुटांचे, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या छपरावर वर्षाला सुमारे तेरा हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी दहा हजार लिटर हाती लागते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी पाच लिटर धरले तर रोजचे पंचवीस, वर्षाचे नऊ हजारांच्या थोडे वर. म्हणजे एका खोलीचे छप्पर घराची तहान भागवू शकते. अडचण साठवण्याची आहे. दहा हजार लिटरची टाकी कष्टकऱ्याच्या घरी कुठे ठेवणार आणि पैसे कुठून आणणार? पण तीन हजार लिटरची टाकी असेल तर उन्हाळ्याचे चार महिने निघतात, आणि पाणी सर्वांत वाईट असते ते याच महिन्यांत. विहाराचे किंवा समाजमंदिराचे छप्पर याहून मोठे असते. तिथे एक टाकी बसली तर वस्तीतल्या आठ वर्षांखालच्या मुलांपुरते आणि गरोदर बायांपुरते पाणी नक्की साठेल. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, पन्हाळीच्या तोंडाशी जाळी आणि वाळू-खडीचा गाळणा असावा, टाकीला झाकण असावे, आणि पिताना पाणी जंतुमुक्त करून घ्यावे. सिमेंटच्या जुन्या, भुगा पडणाऱ्या पत्र्याचे पाणी पिऊ नये.

काही जण म्हणतील, मग जुना आडच बरा. थोडे थांबावे. उघड्या, उथळ विहिरीत फ्लोराइड कमी असले तरी जंतू असू शकतात, आणि आता आणखी एक पाहुणा आला आहे, नायट्रेट. रानात टाकलेला युरिया आणि विहिरीजवळच्या संडासांचे शोषखड्डे यांतून ते उतरते. मानक लिटरला ४५ मिलिग्रॅमचे आहे. मोठ्या माणसाला त्याने लगेच काही कळत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. नायट्रेटही उकळून जात नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे. आणि विहीर असो की बोअर, तपासल्याशिवाय चांगले-वाईट ठरवू नये.

आहाराबद्दल थोडक्यात. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा, ताक हेही आपल्या आवाक्यातले. आवळा, लिंबू, पेरू, चिंचेपेक्षा कच्ची कैरी, यांतले क जीवनसत्त्व उपयोगी पडते. ज्या गावात फ्लोराइड आहे तिथे बिनदुधाचा काळा चहा दिवसातून पाच-सहा वेळा, काळे मीठ, सुपारी, तंबाखू यांनी भर पडते. चहाच्या पानातच फ्लोराइड असते. ऊसतोडीला आणि भट्टीवर जाणाऱ्या आपल्या माणसांची भूक काळ्या चहावर मारली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता मूळ दुखण्याकडे. वस्तीचा हापसा दोनशे फुटांचा. शेजारच्या मळ्यात सहाशे फुटांचा बोअर आणि त्यावर सबमर्सिबल मोटार. फेब्रुवारीत हापशाचा दांडा नुसताच वाजू लागतो. मग ग्रामपंचायत वस्तीसाठी आणखी खोल बोअर घेते आणि वाईट पाणी घरात येते. या साखळीत वस्तीने पाण्याची उधळपट्टी कुठे केली? हंडे मोजून पाणी भरणाऱ्या घराला पाणी जपून वापरा असे सांगायला फार धीर लागतो, तो भाषण करणाऱ्यांत पुष्कळ असतो.

कायद्याची बाजूही पाहा. १८८२ च्या ईझमेंट कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हक्काचे, अशी समजूत रूढ आहे. ज्याची जमीन नाही, त्याचे खालचे पाणीही नाही. महाराष्ट्राने २००९ साली भूजल विकास व व्यवस्थापनाचा कायदा केला, तो २०१४ पासून अमलात आला. त्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा अधिक खोल विहीर शेतीसाठी आणि उद्योगासाठी खोदण्यावर बंदी आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी खासगी विहीर घेण्यावर तर १९९३ च्या कायद्यापासूनच निर्बंध आहेत. कायद्यात दोनशे फूट आहे आणि बोअरची गाडी रात्री येऊन सहाशे फूट मारून पहाटे निघून जाते. महाडच्या ठरावाची आठवण होते.

पण पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे तर माणसांच्या संख्येवर वाटता येते, हे याच महाराष्ट्रात करून दाखवले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. नियम असे होते: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस नाही. नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरमधल्या हिवरे बाजारने वेगळ्या वाटेने तेच साधले. पोपटराव पवारांच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. आधी माणसांचे, मग जनावरांचे, उरेल त्यावर पिके. तिथे जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावाने असाच ताळेबंद करावा अशी अपेक्षा ठेवलेली आहे. या दोन उदाहरणांत मला नायगावचे अधिक मोलाचे वाटते, कारण पाणी वाढवणे अनेकांना जमते, वाढलेले पाणी भूमिहीनाच्या नावावर लावणे फार थोड्यांना सुचले.

वस्तीच्या पातळीवर सुरुवात पाण्याच्या तपासणीपासून करावी. ग्रामपंचायतीला आरोग्य खात्याकडून हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. हिरवे कार्ड आहे म्हणजे पाणी उत्तम, असे ग्रामसेवक सांगतील. ते कार्ड मुख्यतः स्रोताच्या आसपासची स्वच्छता आणि साथीच्या आजारांचा धोका पाहून देतात. फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी रासायनिक तपासणीचा वेगळा अहवाल असतो, तो मागावा. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते आणि नमुना पाठवण्याचे काम जलसुरक्षकाचे आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी पेटी वापरायला शिकवायचे असते. त्या पाच जणींत आपल्या वस्तीतली एक तरी आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. नसेल तर नाव सुचवावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासासाठी जी योजना आहे, तिच्यातून बहुतेक ठिकाणी रस्ते आणि पेव्हर ब्लॉक होतात. पाण्याची कामेही त्यातून घेता येतात. पुढच्या आराखड्यात विहाराच्या छपराची टाकी आणि पन्हाळी लिहून द्यावी.

नमुना वर्षातून दोनदा घ्यावा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. मेचा आकडा जास्त येईल, तोच महत्त्वाचा. रासायनिक तपासणीसाठी लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. हापसा आधी पाच मिनिटे चालू ठेवावा, मग बाटली काठोकाठ भरून घट्ट झाकण लावावे. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते, ती प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून घ्यावी लागते. बाटलीवर गाव, वस्ती, हापशाची जागा, बोअरची खोली माहीत असल्यास ती, आणि तारीख लिहावी. गावच्या मुख्य टाकीचा नमुना वेगळा आणि वस्तीच्या हापशाचा वेगळा, हे आग्रहाने करून घ्यावे. पुष्कळदा एकाच चांगल्या विहिरीचा नमुना साऱ्या गावाच्या नावे जातो.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात, बाया तर हमखास असतात. अहवाल आला की त्यातला फ्लोराइड आणि नायट्रेटचा आकडा तिथे मोठ्याने वाचावा. मेचा आणि ऑक्टोबरचा आकडा शेजारी-शेजारी, तारखेसह, विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा आणि पुढच्या वर्षीचा त्याच्या खाली लिहायला जागा सोडावी.